गल्ल्याची चाबी

ताराचंदजी गेले होळीच्या तोंडावर, त्यांचा आवाज मात्र दसऱ्यापर्यंत दुकानात नोकरीला होता. यात भुताखेताचं काही नाही. कारंजा घाडगेच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, दुकानाच्या मागे घर, आणि दुकानाच्या काउंटरवर बिलं काढायचा एक जुना कॉम्प्युटर. हा कॉम्प्युटर मुळात धाकट्या निकेशचा. कॉलेजात असताना या पोराच्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. एकदा त्यानं कुठूनसा माईक आणला आणि घरातल्या सगळ्यांचे आवाज चोरून टिपत सुटला. त्यात एका सकाळी ताराचंदजी नेहमीप्रमाणे गल्ल्याची चाबी शोधत होते आणि नेहमीप्रमाणे ते काम बायकोच्या गळ्यात घालत होते. निकेशनं तेवढं वाक्य उचललं, आणि कॉम्प्युटर सुरू होताना जे संगीत वाजतं त्याच्या जागी बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला, तर तो ताराचंदजींच्या खरबरीत आवाजात विचारता झाला, "शकुंतला वं, गल्ल्याची चाबी कुठी ठेवली?"

आणि आतून, पोळपाटावरून मान वर न करता, शकुंतलाबाईंनी सवयीनं उत्तर दिलं, "तुमच्याच खिशात पाहा!"

घरात त्या दिवशी जो हशा पिकला तो पुढं कितीतरी दिवस पुरला. ताराचंदजी आधी तणतणले, बापाची टिंगल करतो म्हणाले, आणि मग स्वतःच येईल त्या गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर बंद-चालू करून ऐकवायला लागले. निकेश नोकरीसाठी पुण्याला गेला, कॉम्प्युटर बिलांसाठी दुकानात आला, वाक्य तेच राहिलं. कारंज्यात लाइट जाण्याला काही काळवेळ नसते. ती गेली आणि आली की कॉम्प्युटर पुन्हा सुरू, पुन्हा चाबीची चौकशी. शकुंतलाबाई करवादायच्या. "एक माणूस इचारते ते कमी होतं का, आता मशीनही इचारून राह्यली!" पण उत्तर द्यायच्या. उत्तर दिल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे.

ताराचंदजींची तेरवी झाली, दुकान पुन्हा उघडलं. मोठा मुलगा भूपेंद्र बापाच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. त्या वाक्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती.

"शकुंतला वं, गल्ल्याची चाबी कुठी ठेवली?"

स्वयंपाकघरात शकुंतलाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. भूपेंद्रची बायको सपना शेजारी भाजी चिरत होती, ती सासूकडे न बघता विळीकडे बघत राहिली. दुकानातून भूपेंद्रचा आवाज नाही, काही नाही. मग शकुंतलाबाईंनी पोळी उलटली आणि ओठातल्या ओठात म्हटलं, "तुमच्याच खिशात पाहा."

त्या दिवसापासून हे रोज झालं. मोठ्यानं बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून त्या हळू बोलत. पण बोलत. नवऱ्याचे फोटो घरात ढीगभर होते, लग्नाच्या सीडीत ते फेटा बांधून हिंडतानाही दिसायचे, पण सगळे मुके. बोलणारे ताराचंदजी एवढेच, एका वाक्याचे. आणि ते वाक्य असं की त्याला उत्तर लागायचं. सगळ्या घरानं त्यांना म्हातारी आई म्हणून बाजूला बसवलं होतं, पण दिवसातून एकदा तरी कोणीतरी त्यांना नावानं हाक मारत होतं, काहीतरी विचारत होतं. शकुंतलाबाईंचा सगळा दिवस त्यावर उभा होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आवाज आला नाही.

भूपेंद्र दुकानात गेला, शटर वर गेलं, खुर्ची सरकली. शकुंतलाबाई गॅसजवळ कान देऊन उभ्या राहिल्या. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर पसरलं, तरी त्या उभ्याच. मग नाव टाकायच्या मशीनची भुणभुण सुरू झाली, म्हणजे दुकान लागलं, कुणाच्या तरी लोट्यावर नाव पडायला लागलं. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी लाइट दोनदा गेली आणि आली, आणि दुकान गप्पच.

"भूपेंद्र, कॉम्प्युटरचा आवाज गेला वाटते रे," जेवताना त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या.

"हो," भूपेंद्र ताटात बघत म्हणाला. "बिलाले आवाज कायले पाह्यजे, आई? बिल निघते ना बरोब्बर."

"तरी मशीन धड असावं. दाखव कोणाले."

"दाखवतो. लग्नसराई तोंडावर आली, जरा सवड होऊ दे."

ही सवड काही केल्या होईना. तुळशीचं लग्न झालं, आंदणाच्या भांड्यांना गर्दी लोटली, जुन्या भांड्यांची मोड घालून नवी नेणाऱ्यांची रांग लागली, आणि कॉम्प्युटरच्या आवाजाचं घोंगडं भिजत पडलं. शकुंतलाबाई दर दोन-चार दिवसांनी विषय काढत, भूपेंद्र दर वेळी मान हलवून टाळत असे. पण मला नवऱ्याचा आवाज ऐकायचा आहे, एवढं साधं वाक्य त्यांना म्हणता आलं नाही. म्हणणार तरी कसं? जिवंतपणी त्याच आवाजावर आयुष्यभर करवादलेली बाई. शिवाय त्या आवाजाबद्दल घरात कोणीच अवाक्षर काढत नव्हतं, जणू तो कधी नव्हताच.

सपनाला वाटलं, सासूबाईंना भजनं ऐकायची असतील. ती एक छोटा डबीसारखा स्पीकर घेऊन आली, फोनला जोडून दाखवला. शकुंतलाबाईंनी बिचारीचं मन राखायला दोन भजनं ऐकली आणि स्पीकर फडताळात ठेवून दिला.

शेवटी त्यांनी पुण्याला निकेशला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "काऊन रे निकेश, कॉम्प्युटरचा आवाज कुठून येते?"

निकेश ऑफिसात, कामात. "साउंड कार्डातून येते, आई. आतमंदी राहते ते. बिघडलं असन तर बदलवून घ्या, काई मोठी गोष्ट नाई." आणि त्यानं फोन ठेवला.

झालं. आईच्या मनात एवढंच पक्कं बसलं की आवाज कार्डात राहतो. म्हणजे ताराचंदजी कार्डात आहेत. आणि कार्ड बदलायचं म्हणजे त्यांना काढून टाकायचं, आणि निकेश म्हणतो काही मोठी गोष्ट नाही! त्या दिवसापासून दुरुस्तीचा आग्रह करायचीही त्यांना भीती वाटू लागली. दुरुस्त करावं तर असं, न करावं तर तसं. आग्रह थांबला, पण त्या दुपारी दुकानात येऊन कॉम्प्युटरजवळ उगाच बसू लागल्या. पदरानं पुसू लागल्या. हे सपनाच्या नजरेतून सुटलं नाही. नवऱ्याची सवड गेली उडत म्हणून तिनं परस्पर रत्नदीपला फोन केला.

रत्नदीपचं हायवेच्या वळणावर, ढाब्यांच्या ओळीत, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा कामाला नेटका, बोलायला मोकळा, खोड एकच. दोन उपाय चालले नाहीत की तिसरा उपाय ठरलेला, फॉर्मॅट मारायचा. कारंज्यातल्या अर्ध्या कॉम्प्युटरांना त्यानं असं कोरं करून सोडलं होतं आणि लोक खूश होते. दुपारच्या निवांत वेळी तो पिशवी घेऊन आला. भूपेंद्र पातेली उतरवत शिडीवर होता. तो नाराजीनं सपनाकडे बघत राहिला, पण आलेल्या माणसाला नाही म्हणता येईना.

"काय झालं, भूपेंद्रभौ?"

"आवाज नाई येऊन राह्यला. तसं काई अडलं नाई म्हणा."

"अडलं नाई कसं?" शकुंतलाबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

रत्नदीपनं आधी स्पीकर आपल्या मोबाइलला लावून पाहिले. वाजले. म्हणजे स्पीकर धड. मग मागची तार काढून घातली, पडद्यावरच्या कर्ण्याच्या चित्रावर फुली आहे का पाहिलं, आवाजाची पट्टी तळापासून वर ढकलली, गाणं लावलं. गाण्याचे पट्टे पडद्यावर वरखाली नाचत होते आणि स्पीकर मख्ख. कॉम्प्युटर आपला गातोय, ऐकू कोणाला येत नाही.

"बोर्डावरचं साउंड कार्ड गेलं, काकू," तो म्हणाला. "जुन्या मशीनमंदी होते असं. नवीन लावून देतो."

शकुंतलाबाई स्टुलावरून पुढं वाकल्या. "आन जुनं?"

"जुनं बंद करून टाकू. बोर्डातच असते ते, काढता येत नाई."

"जुन्यातलं जे आहे, ते नव्यात येते का रे बाबू?"

रत्नदीप हसला. "जुन्यात काईच नसते, काकू."

तो पोरगा खरं तेच बोलला होता, पण शकुंतलाबाईंना त्या वाक्यानं आतून कापलं. त्या उठल्या आणि आत गेल्या. देवघरासमोर बसल्या, पण हात जोडले नाहीत. देवावरही त्यांचा राग होताच.

दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नदीप कार्ड घेऊन आला. शकुंतलाबाईंना वाटलं होतं काहीतरी पेटीसारखं असेल. ही तर बोटभर हिरवी पट्टी, एका अंगाला पिवळे दात. एवढ्याशा जागेत माणूस कसा मावला असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. रत्नदीपनं कॅबिनेटचं झाकण उघडलं, धूळ फुंकली, पट्टी खाचेत दाबून बसवली, स्क्रू आवळला. काम पुरं करायची सवय, म्हणून कॅबिनेटच्या माथ्यावर हेडफोनसाठी जे भोक असतं त्याचीही तार त्यानं बोर्डावरून काढून नव्या कार्डाला जोडली. त्या भोकात या घरात कधी कोणी काही घातलं नव्हतं. मग जुनं कार्ड बंद केलं, नव्याचा ड्रायव्हर टाकला.

"आता पाहजा, काकू," म्हणत त्यानं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला.

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. निळा पडदा आला, चित्रं आली, घड्याळ आलं. आवाज नाही.

त्यांच्या मनात आलं, वाटलं होतं तसंच झालं. नवी पट्टी, कोरी. तिला कोण ताराचंद आणि कोण शकुंतला.

रत्नदीप मात्र चक्रावला. कार्ड काढलं, पुसलं, शेजारच्या खाचेत घातलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. पट्टे नाचत होते, स्पीकर मुके. त्यानं डोकं खाजवलं, आणि शेवटी ठरलेल्या उपायावर आला. "भूपेंद्रभौ, विंडोजच खराब दिसते. फॉर्मॅट मारतो. बिलांचा डेटा तेवढा काढून घेतो, बाकी सगळं साफ. एकदम नवं कोरं मशीन होऊन जाते."

"मार," भूपेंद्र म्हणाला. शिडीवरूनच म्हणाला, मागं न बघता.

"साफ म्हणजे?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे आतमंदी जे जे असन ते पुसून जाते, काकू."

त्यांनी उठून कॅबिनेटवर दोन्ही हात ठेवले. "हात नको लावू. आहे तसं राहू दे. नाई बोललं तरी चालते, पण पुसू नको. त्याच्यात याचे बाबूजी आहे."

सपना दाराशी होती, तिनं डोळ्याला पदर लावला. शिडीवर भूपेंद्र पातेलं छातीशी धरून तसाच थांबला. आता एकदा बोलून झालंच होतं, मग शकुंतलाबाई थांबल्या नाहीत. "रोज सकाळी मले इचारत होते, चाबी कुठी ठेवली म्हणून. मी सांगत होती. दसऱ्यापासून इचारत नाई. मले दुसरं काई नाई पाह्यजे. भजन नाई पाह्यजे, टीव्ही नाई पाह्यजे. तेवढं इचारलं पाह्यजे त्यानं."

रत्नदीपच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यालाही ते वाक्य ठाऊक होतं. कारंज्यात कोणाला ठाऊक नव्हतं? त्यानं माऊस सोडला आणि नीट त्यांच्याकडे वळून बसला.

"काकू, इकडे पाहा. आवाज कार्डात राहत नाई. कार्ड म्हणजे नुसता घसा. बोलणं डिस्कमंदी लिहून राहते. हे पाहा." त्यानं दोन-चार ठिकाणी धुंडाळून एक ओळ दाखवली. निकेशनं फाइलला नाव दिलं होतं, बाबूजी. "हे पाहा, आहे. कुठी नाई गेलं. आता याले मी आधी माझ्या पेनड्राइव्हमंदी घेतो, निकेशलेही पाठवून देतो. मंग पाहू घशाचं. फॉर्मॅट कॅन्सल."

शकुंतलाबाईंना त्यातलं सगळं कळलं नाही. आहे, कुठी नाई गेलं, एवढं कळलं. त्या पुन्हा स्टुलावर बसल्या, आणि महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांना श्वास पुरा घेता आला.

आता रत्नदीपच इरेला पेटला होता. स्पीकरची मागची वाट सोडून देऊ, पुढून ऐकू, म्हणत त्यानं पिशवीतून हेडफोन काढले आणि पिन कॅबिनेटच्या माथ्यावरच्या भोकात घातली. पिन अर्ध्यात अडली. त्यानं पुन्हा दाबली. अडली. त्यानं मोबाइलची टॉर्च लावून आत डोळा घातला.

"आतमंदी लाल काईतरी आहे."

चिमट्यानं त्यानं ते हळूच ओढून काढलं आणि तळहातावर घेतलं. कुंकवानं माखलेला, वाळून खडखडीत झालेला तांदळाचा एक दाणा.

"आता समजलं!" रत्नदीप म्हणाला. "या भोकात पिन घातली की मशीनले वाटते, हेडफोन लावले, आता बाहेरचे स्पीकर चूप ठेवा. हा दाणा पिनेसारखा दाबून बसलता. जुनं कार्डही चांगलं होतं म्हणजे. मीच बेवकूफ, तीच तार नव्यालेही जोडली." मग त्याला प्रश्न पडला. "पण अक्षत इथी गेली कशी? यंदा तर तुमच्याकडे दसरा नसन ना?"

भूपेंद्र शिडीवरून खाली उतरला. "नव्हता. यंदा सण नाई धरला आपण." आणि त्यानं आईकडे पाहिलं.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण नाही, ही रीत शकुंतलाबाईंनीच सुनेला बजावली होती. दसऱ्याला दुकानात पूजा नव्हती, तराजूला हार नव्हता, नाव टाकायच्या मशीनला कुंकू नव्हतं. पण दुपारी सगळे झोपले, आणि शकुंतलाबाईंना राहवेना. ताराचंदजी दर दसऱ्याला आधी तराजू पुजत, मग कॉम्प्युटर, आणि अक्षता टाकण्याआधी कॅबिनेटवर खांद्यावरचा दुपट्टा पसरत, कारण निकेशनं तशी तंबीच देऊन ठेवली होती. शकुंतलाबाई चोरासारख्या आल्या. बाकी कशाला नाही, फक्त कॉम्प्युटरला कुंकू लावलं, कारण त्यात ते होते. कुंकवात कालवलेल्या ओल्या अक्षता घाईघाईनं वरून टाकल्या, कोणाला दिसू नये म्हणून लगेच पदरानं झाडून टाकल्या, आणि निघून गेल्या. दुपट्ट्याची आठवण राहिली नाही.

"मीच टाकल्या," त्या म्हणाल्या. "मीच त्याचं तोंड बंद केलं रे."

रत्नदीपनं कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. निळा पडदा आला. चित्रं आली.

"शकुंतला वं, गल्ल्याची चाबी कुठी ठेवली?"

खरबरीत, थोडा वैतागलेला, थोडा लाडातला. मागे कुठंतरी निकेशचं दाबलेलं हसू, आणि एका पातेल्याचा ठणका, त्या वेळच्या कुठल्याशा सकाळचा. शकुंतलाबाईंच्या तोंडाशी उत्तर आलं आणि तिथंच अडकलं. सून समोर, परका पोरगा समोर. त्या नुसत्या रडल्या. सपनानं त्यांना धरलं.

भूपेंद्रनं मात्र हातातलं पातेलं काउंटरवर ठेवलं आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरून सरळ रस्त्याला लागला.

रत्नदीप पिशवी आवरताना हळूच म्हणाला, "काकू, हा आवाज तुमच्या फोनमंदी टाकून देऊ का? मंग बटण दाबलं की केव्हाही ऐकता येते."

शकुंतलाबाईंनी डोळे पुसले, विचार केला आणि मान हलवली. "नको बाबू. मी म्हटल्यावर बोलणारा माणूस नव्हता तो. त्यानं आपल्या मनानं इचारावं आन मी वैतागावं, असंच होतं आमचं." मग त्याच्यासाठी चहा टाकायला त्या आत गेल्या.

भूपेंद्र दिवेलागणीला परत आला. सपना दुकानात बसली होती. तो थेट स्वयंपाकघरात आला आणि आईजवळ पाटावर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आई, तू म्हणशीन हा कसा पोरगा आहे. मले माहीत होतं तुले आवाज कायले पाह्यजे ते. पह्यल्या दिवसापासून माहीत होतं."

शकुंतलाबाईंनी गॅस बारीक केला.

"मले नाई सहन होत," तो म्हणाला. "मी त्यांच्या खुर्चीवर बसतो, त्यांचं बटण दाबतो, आन ते चाबी मांगते. चाबी माझ्या खिशात. रोज मले वाटते, मी त्याईची वस्तू घेऊन बसलो आन ते दाराशी उभे राहून मांगून राह्यले. मंग एक दिवस आवाज बंद झाला. मले सुटल्यासारखं वाटलं, आई. आन सुटल्यासारखं वाटलं त्याचंच मंग इतकं वाईट वाटलं, का मी कोणाले बोललो नाई." तो चाळिशीचा बाप्या पोळपाटावरच्या पिठात बोटानं रेघा ओढत होता.

शकुंतलाबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. इतके दिवस त्या फक्त स्वतःच्याच दुःखाला कुरवाळत बसल्या होत्या. बाप याचाही गेला, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या संध्याकाळी ते नव्यानं कळलं. जो आवाज त्यांचा दिवस उभा करत होता, तोच या पोराचा दिवस मोडत होता. आणि कॉम्प्युटर एकच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रत्नदीपला निरोप पाठवून एक तुटक्या हेडफोनची पिन मागवून घेतली. नुसती पिन, तार कापलेली.

मग त्यांचा नवा नेम सुरू झाला. भूपेंद्र आंघोळीला गेला की त्या दुकानात येत. शटर खालीच असे, आत अर्धा अंधार, पितळेच्या हंड्यांवर फटीतून येणारा उजेड. त्या खुर्चीवर बसत नसत, उभ्यानंच आदल्या दिवशीची पिन भोकातून काढत आणि बटण दाबत. ताराचंदजी विचारत. त्या हळूच उत्तर देत, क्षणभर उभ्या राहत, आणि मग ती पिन पुन्हा कॅबिनेटच्या माथ्यावरच्या भोकात घालत. आता दिवसभर लाइट कितीदा जावो आणि येवो, कॉम्प्युटर कितीदा सुरू होवो, दुकानात चकार शब्द निघायचा नाही. दाण्यानं जे केलं होतं तेच आता त्या स्वतःच्या हातानं करत होत्या. दर सकाळी एकदा नवऱ्याला बोलू द्यायचं आणि मग मुलासाठी त्याला गप्प करायचं. हे सोपं नव्हतं. पिन घालताना दर वेळी त्यांचा हात जड होई, आणि त्या मनातल्या मनात म्हणत, उद्या येते हो.

भूपेंद्रला पिन दिसली नसेल असं नाही. रोज तो त्याच कॅबिनेटच्या बाजूला बसत होता. पण त्यानं पिनेला कधी हात लावला नाही.

हिवाळा सरत आला. संक्रांत होऊन गेली. एके सकाळी शकुंतलाबाईंचं अंग कसकसत होतं, डोकं जड होतं. उठायला उशीर झाला. भूपेंद्रची आंघोळ कधीच आटोपली होती, दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज त्यांनी अंथरुणातच ऐकला होता. आजचा दिवस गेला, त्यांना वाटलं. रोज एकच संधी, ती आज हुकली. पिन कालपासून भोकात होती, आणि भूपेंद्र काही ती काढायचा नाही. सपनानं त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, पुढं चहा ठेवला. त्या चहाकडे बघत बसल्या. नवरा गेला तेव्हा रडू आलं होतं, आणि एक सकाळ चुकली म्हणून आता पुन्हा तसंच दाटून यावं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दुकानात खुर्ची सरकली. मग बराच वेळ काही नाही. नाव टाकायच्या मशीनची भुणभुण नाही, भांड्यांची आदळआपट नाही. भूपेंद्र नुसताच बसला असावा.

आणि मग आवाज आला.

"शकुंतला वं, गल्ल्याची चाबी कुठी ठेवली?"

कप खाली ठेवायचंही भान न राहता शकुंतलाबाई दाराकडे बघत राहिल्या. पिन काढल्याशिवाय हा आवाज येणं शक्य नव्हतं. पिन काढणारा दुकानात एकच होता. आतून उत्तर येईल म्हणून तो तिथं थांबला होता, हे त्यांना इथं बसून कळलं, कारण खुर्ची पुन्हा वाजली नाही.

त्यांनी घसा साफ केला. होळीपासून हे उत्तर त्यांनी मोठ्यानं दिलंच नव्हतं.

"तुमच्याच खिशात पाहा!"

त्यांचा तो जुना, करवादलेला, अख्ख्या घराला ऐकू जाणारा आवाज दुकानात जाऊन पोचला. सपनाच्या हातातली वाटी खाली पडली. मग चाब्यांचा जुडगा खणखणला, आणि भूपेंद्रचा भरून आलेला आवाज आला, "हो वं आई. खिशातच आहे."